गुडघा आणि अंगठ्याचा सांधा दुखत असताना डोंगरवाटेसाठी हलके बूट कसे निवडावेत?

उपवनकाठ (ठाणे)

नमस्कार. माझे वय ६१ असून मी ठाण्यात वसंत विहार परिसरात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही पाच मैत्रिणी आठवड्यातून चार दिवस पहाटे उपवन तलावापासून येऊर गावापर्यंत चालत जातो आणि पाऊस नसेल तेव्हा डांबरी रस्ता सोडून पाड्यांकडच्या मातीच्या वाटेनेही थोडे फिरतो. हे चालणे मला कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडते आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा दुखू लागला. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची कूर्चा झिजल्याचे दिसले. झीज दुसऱ्या श्रेणीची आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही, मांडीचे व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा आणि चालणे थांबवू नका, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. चढताना मला त्रास होत नाही. उतरताना मात्र शेवटच्या वळणांवर गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. त्यातच गेल्या वर्षभरात डाव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा ताठर झाला आहे. पाऊल उचलताना अंगठा वर वळतो, नेमक्या त्या क्षणी तिथे कळ येते. आमच्यातील एका मैत्रिणीला आमवात आहे, त्यामुळे तिच्या हातापायांची बोटे सकाळी आखडलेली असतात.

माझे जुने बूट २०१६ साली हिमालयाच्या सहलीसाठी घेतलेले होते. ती सहल झाल्यावर ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवले होते आणि यंदा जूनमध्ये बाहेर काढले. दिसायला अगदी नवे होते. येऊरच्या चढणीवर दुसऱ्याच वळणाला उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला, आणि आतला थर बोटाने दाबून पाहिला तर नानकटाईसारखा त्याचा भुगा झाला. तळ ओढणीने पायाला बांधून मी घरी आले. सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर धड राहिलेला बूट ठेवला, तर एकट्या बुटाचे वजन ७३५ ग्रॅम भरले.

त्यानंतर दोन दुकाने पाहिली. एका ठिकाणी विक्रेत्याने अतिशय हलका बूट दाखवला, तो हातात धरून पोळीसारखा दुमडला आणि गुडघेदुखीसाठी असाच मऊ बूट हवा असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी घोटा झाकणारा, जाड चामड्याचा बूट पुढे केला आणि डोंगरावर जायचे तर हाच हवा असे सांगितले. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत नाही. बूट किती हलका असावा, किती मऊ असावा, घोट्यापर्यंत उंच असावा की नसावा, हे कशावरून ठरवायचे? डिसेंबरमध्ये आमच्या गटाला कर्नाळ्याला जाण्याची इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.


सोंडेवरून (नवीन पनवेल)

ताई, नमस्कार. मी सुमारे तीस वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे आणि गेली काही वर्षे मलाही उजव्या गुडघ्याचा त्रास आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला जवळचा वाटला.

आधी त्या तुटलेल्या तळाविषयी, कारण नवे बूट घेताना हीच चूक पुन्हा होऊ नये. पाय आणि रबरी तळ यांच्यामध्ये जो धक्के झेलणारा थर असतो, तो जड बुटांत बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ वापरात टिकाऊ असला तरी हवेतील ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि काही वर्षांत तो आतून कुजल्यासारखा भुसभुशीत होतो. बूट वापरले नाहीत तरी हे घडतच राहते; उलट बंद खोक्यात, ठाण्यासारख्या दमट हवेत ते अधिक घडते. हलक्या बुटांमध्ये बहुतेक वेळा ईव्हीए नावाचा फेस असतो. तो ओलाव्याने असा भुगा होत नाही, मात्र काही शे किलोमीटर चालल्यानंतर दबून बसतो आणि पुन्हा फुगत नाही. तळाच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या, की वरून बूट कितीही चांगला दिसत असला तरी त्याचे काम संपले असे समजावे. गुडघेदुखी असलेल्या माणसाने बूट फाटण्याची वाट पाहू नये.

आता वजन. पायात असलेले वजन आपण प्रत्येक पावलाला उचलतो, पुढे नेतो आणि थांबवतो, म्हणून ते पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक दमवते. तेवढेच वजन पाठीवर घेण्याच्या तुलनेत सुमारे पाचपट श्रम पडतात, असे लष्करी बुटांच्या अभ्यासांतून दिसले आहे. धावणाऱ्यांवर केलेल्या मोजण्यांत बूट १०० ग्रॅमने जड झाला की लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढलेली आढळली. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो, परंतु आपला ७३५ ग्रॅमचा बूट आणि ४०० ग्रॅमचा बूट यांतला फरक हजारो पावलांमध्ये साठत जातो. गुडघ्याशी त्याचा संबंध असा, की उतरताना शरीराला ब्रेक लावण्याचे काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. चढताना तो थकला असेल तर उतरताना पाऊल आपण ठेवत नाही, ते पडते, आणि तो धक्का सांध्याला बसतो. आपल्याला शेवटच्या वळणांवरच ठणका लागतो, याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून केलेल्या मोजण्यांनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीनपट भार येतो. म्हणून बुटाइतकेच मी काठ्यांनाही महत्त्व देतो. उतारावर दोन्ही हातांत काठ्या असतील तर गुडघ्यावरचा भार काही मोजण्यांत २५ टक्क्यांपर्यंत कमी झालेला आहे. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी काठीची उंची ठेवावी आणि उतार सुरू होताच ती पाच ते दहा सेंटिमीटर वाढवावी. नुसती एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आपल्या बाबतीत डाव्या हातात धरावी. अनेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही असे म्हणतात.

तळाची पकड हा तिसरा मुद्दा, आणि आपल्याकडच्या वाटांवर तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पाय घसरेल या भीतीने माणूस आखडून चालतो आणि आखडलेला गुडघा लवकर दुखतो. येऊर काय किंवा कर्नाळा काय, डिसेंबरमध्ये पायाखाली कोरडी माती, बारीक घसारा आणि वाळलेला पाचोळा असतो. सागाच्या मोठ्या पानांखाली दगड दिसतसुद्धा नाही. त्यासाठी तळाला चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून सुटे असलेले दाते हवेत, आणि रबर नखाने किंचित दबणारे असावे. प्लॅस्टिकसारखा टणक, गुळगुळीत तळ कातळावर घात करतो. डांबरी रस्त्यावर फिरण्यासाठी बनवलेले बूट कितीही हलके असले तरी या कामाचे नाहीत.


पाऊलखूण (वाशी)

मी नवी मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. वरील उत्तरातील वजन आणि काठ्यांविषयीच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. परंतु ताई, आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर वजनात नाही. कोणता सांधा दुखतो आणि तो कोणत्या हालचालीला दुखतो, त्यात ते आहे. ‘सांधेदुखीसाठीचा बूट’ अशी एकच वस्तू नसते. गुडघ्याला जे मानवते ते अंगठ्याला मानवेलच असे नाही, आणि आपल्याला तर दोन्हींचा विचार करायचा आहे.

प्रथम अंगठा घेऊ. पाऊल जमिनीवरून सुटताना अंगठ्याचा बुडाचा सांधा वर वळावा लागतो. तो ताठर झाला असेल तर प्रत्येक पावलाला तो बळेच वळवला जातो आणि कळ येते. अशा पायासाठी दुकानदाराने दुमडून दाखवलेला बूट हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण बूट जिथे दुमडतो नेमका तिथेच आपला सांधा आहे. आपल्याला चवड्याखाली ताठ असलेला आणि पुढच्या टोकाकडे होडीच्या नाळेसारखा किंचित वर उचललेला तळ हवा. असा तळ पावलाला पुढे घरंगळू देतो आणि अंगठ्याला वळावे लागत नाही. तपासणी सोपी आहे. बूट टेबलावर ठेवून टाच एका हाताने दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने टोक वर उचलून पाहावे. ते सहज वर आले तर तो बूट बाजूला ठेवावा. नंतर टोक आणि टाच धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळून पाहावा. थोडा पीळ बसावा, परंतु पूर्ण पिळला जाऊ नये.

गुडघ्यासाठी मऊ बूट हवा ही समजूत फार पसरली आहे आणि माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण ती घेऊनच येतात. अनवाणी किंवा सपाट, लवचीक बुटांनी चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार मोजमापात थोडा कमी दिसतो, हे खरे आहे. परंतु मेलबर्न येथे ५० वर्षांवरील, गुडघ्याचा मध्यम ते तीव्र संधिवात असलेल्या १६४ जणांना सहा महिने दोन प्रकारचे बूट घालायला देऊन केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालतानाची वेदना स्थिर, आधार देणाऱ्या बुटांनी अधिक कमी झाली, सपाट आणि लवचीक बुटांनी नव्हे. पावले आणि घोटे दुखण्याच्या तक्रारीही लवचीक बूट घालणाऱ्यांमध्ये अधिक होत्या. भार कमी दिसणे आणि वेदना कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या चाचणीतून मी शिकले.

म्हणून टाचेमागचा कप अंगठ्याने दाबून पाहावा; तो आत जाता कामा नये. मधला थर फार जाड आणि फार मऊ नसावा, कारण उंच गादीवर उभे राहिल्यासारखे पाऊल आतबाहेर डोलते आणि दगडावर घोटा मुरगळण्याची भीती वाढते. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. बाहेरच्या बाजूने उंच केलेल्या पाचरीच्या गाद्या गुडघ्यासाठी म्हणून विकल्या जातात. साध्या सपाट गादीशी तुलना केलेल्या अभ्यासांत त्यांनी वेदनेत लक्षणीय फरक पडलेला दिसत नाही. त्यावर पैसे खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

आपल्या आमवात असलेल्या मैत्रिणीचा प्रश्न पुन्हा वेगळा आहे. आमवातात चवड्याचे सांधे सुजतात, पाऊल रुंद होते, बोटे वाकडी होऊन वर उचलली जातात आणि चवड्याखालची हाडे तळव्यात टोचतात. त्यांना चवड्याशी रुंद तर हवाच, परंतु खोलही असलेला बूट हवा, ज्यातील आतली गादी काढून तिथे एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची) किंवा मापाने बनवलेली गादी बसवता येईल. आतून हात फिरवून बोटांवर घासणारी शिवण कुठे आहे का ते पाहावे. पुरुषांच्या मापात अनेकदा अधिक रुंदी मिळते, तेव्हा तो विभागही संकोच न करता पाहावा. कोणाला मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट ‘टोचत नाही’ यावर विश्वास ठेवू नये. नवा बूट घरात अर्धा तास घालून पाय लाल झाला आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

आणि अंगठ्याचा सांधा एखाद्या रात्री अचानक लाल, गरम आणि चादरीचा स्पर्शही सहन होणार नाही इतका दुखरा झाला, तर तो बुटाचा प्रश्न नाही. तो युरिक अ‍ॅसिडचा झटका असू शकतो. त्या वेळी चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.


ऐरोली ते हरिश्चंद्रगड

पाऊलखूण यांचे उत्तर फार उपयोगी आहे, परंतु हलक्या आणि आखूड बुटांकडेच चर्चा झुकू नये म्हणून माझा अनुभव मांडतो. माझे वय ६७ आहे. २००९ साली माझा डावा घोटा मोडला होता. हाड जुळले, पण पुढे त्याच सांध्यात संधिवात आला. घोटा आता पूर्ण वळत नाही आणि वेड्यावाकड्या दगडावर पाऊल पडले की आतून करवत फिरावी तशी वेदना होते.

चार वर्षांपूर्वी सर्वांनी सांगितले म्हणून मी अत्यंत हलके, घोट्याखाली संपणारे, टाच आणि चवडा एकाच पातळीवर असलेले बूट घेतले. पारसिकच्या टेकडीवर दोन फेऱ्यांतच घोटा सुजला आणि टाचेमागची शीरही दुखू लागली. घोटा वळत नसताना टाच खाली असेल तर पोटरी आणि ती शीर अधिक ताणली जाते, हे मला नंतर समजले. त्यानंतर मी घोटा झाकणारे, एका बुटाला ५४० ग्रॅम भरणारे, टाच चवड्यापेक्षा सुमारे दहा मिलिमीटर उंच असलेले बूट घेतले, आणि आजही तेच वापरतो. बूट घोट्याची हालचाल मर्यादित ठेवतो, आणि माझा सांधा हालचालीलाच दुखत असल्याने मला त्यातच आराम आहे. माझ्यासाठी ते जास्तीचे दीडशे ग्रॅम वजन ओझे नाही.

तेव्हा ज्यांचा घोटा दुखतो त्यांनी कृपया केवळ काट्यावरचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये.


पाऊलखूण (वाशी)

काकांचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. घोट्याच्या संधिवातात उंच बूट, थोडी उंच टाच आणि वक्र तळ यांचा उपयोग होतो. मात्र घोटा निरोगी असून गुडघा दुखत असेल तर घोटा विनाकारण जखडू नये, कारण उतरताना नडगी पुढे झुकायला घोट्याची मोकळीक लागते. ती नसेल तर ते काम गुडघ्यावर आणि कमरेवर ढकलले जाते. उंच बुटाने घोटा मुरगळतच नाही, ही खात्रीही कोणी बाळगू नये. ते काम मुख्यतः घोट्याभोवतीचे स्नायू करतात, आणि त्यांना रोज दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा सराव पुरतो. सुरुवातीला बेसिनची कड धरावी.


तलावपाळी (ठाणे)

उपवनकाठ यांच्या गटातील आमवात असलेली मैत्रीण ती मीच. वाचता वाचता वाटले, की बूट घालण्याकाढण्याविषयी कोणीच बोलले नाही, आणि माझा निम्मा प्रश्न तोच आहे. सकाळी साडेपाच वाजता माझ्या बोटांना नाडीची गाठ बसत नाही. खाली वाकून टाच आत ढकलणेही जमत नाही. आपल्याकडे तर बूट दिवसातून चार वेळा काढावे लागतात. देवळाच्या पायरीशी, कोणाच्या दारात, स्वतःच्या दारात. परदेशी लेखांमध्ये हा विचारच नसतो.

मी तीन गोष्टी केल्या. दाराजवळ बुटांच्या कपाटाशेजारी गुडघ्याइतक्या उंचीचे स्टूल ठेवले, दीड हात लांब दांड्याचे शू-हॉर्न आणले आणि बुटाच्या नाड्या काढून त्या जागी लवचीक नाड्या ओवून घेतल्या, ज्या एकदा बसवल्या की सोडाव्या लागत नाहीत. चकती फिरवून तार आवळणारे बूटही पाहिले. ते हाताला सर्वांत सोपे आहेत, पण माझ्या रुंद पायाला त्या मापात मिळाले नाहीत. लवचीक नाड्यांचा एक तोटा मात्र आहे, की उतारावर पाय किंचित पुढे सरकतो. म्हणून मातीच्या वाटेवर जायचे असेल त्या दिवशी मी घरूनच नेहमीच्या नाड्या बांधून निघते आणि ते काम यजमान करून देतात.


उपवनकाठ (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या तपासण्या करून पाहण्यासाठी काल संध्याकाळी सात वाजता, दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असताना, चालताना वापरते तेच जाड मोजे घालून आणि वजनकाटा पिशवीत घेऊन मी गोखले रस्त्यावर गेले. काटा पाहून दुकानातील मुलाला आधी नवल वाटले, परंतु नंतर तो स्वतःच एकेक बूट त्यावर ठेवून आकडे सांगू लागला.

एकूण सहा जोड पाहिले. टोक उचलून पाहिल्यावर त्यातले तीन लगेच बाद झाले. चौथा ताठ होता, परंतु चवड्याशी अरुंद होता. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभी राहिले तेव्हा माझी करंगळी गादीच्या बाहेर जात होती, त्यामुळे घालून पाहण्याचीही गरज उरली नाही. ही युक्ती मला तिथेच सुचली आणि ती इतरांना उपयोगी पडावी म्हणून लिहिते आहे. पाचवा आणि सहावा दोन्ही चांगले होते. दुकानाच्या आतल्या जिन्यावरून मी प्रत्येक जोड घालून चार वेळा खाली उतरले. पाचव्यात तिसऱ्या पायरीला अंगठा पुढे टेकला. सहाव्यात उभे असताना सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याइतकी जागा राहते आणि उतरतानाही बोट टेकत नाही. नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा लागला.

त्याचे वजन ३९५ ग्रॅम आहे, घोट्याखाली संपतो, टाचेचा कप पक्का आहे, तळाचे दाते खोल आहेत. एकच शंका उरली आहे. हाच बूट जलरोधक पडद्यासह आणि पडद्याविना अशा दोन प्रकारांत मिळतो. जलरोधक जोड सुमारे ५० ग्रॅमने जड आणि दोन हजारांनी महाग आहे. पावसाळ्यातही आम्ही येऊरला जातो, मग तो घ्यावा का? दुकानदाराने दोन दिवस जोड राखून ठेवला आहे.


सोंडेवरून (नवीन पनवेल)

ताई, पडद्याविना घ्यावा. असा पडदा बाहेरचे पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो, परंतु वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असावी लागते. जुलैमध्ये ठाण्यात ती तशी नसते. शिवाय आपल्या पावसात पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, ते पायावरून ओघळत वरून आत शिरते, किंवा ओढा ओलांडताना एकदम भरते. मग तोच पडदा ते पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि आपण प्रत्येक पायात पावशेर पाणी घेऊन चालतो. जाळीचा बूट भिजतो, पण दहा-पंधरा मिनिटांत निथळतो. घरी आल्यावर आतली गादी काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा. उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नये, तळाचा गोंद सुटतो. हिमालयात किंवा बर्फात जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात मात्र कोणत्याही बुटाने शेवाळलेल्या कातळावर विश्वासाने पाऊल टाकू नका. तिथे दाते, रबर, किंमत यांपैकी काहीच उपयोगाला येत नाही. त्या दिवसांत डांबरी रस्त्यावरूनच परत फिरावे.

नाडीविषयी एक सांगतो. बुटाच्या सर्वांत वरच्या दोन भोकांमधून नाडीचा छोटा फासा करून त्यातून समोरची नाडी ओढून घेतली, तर टाच मागे घट्ट बसते आणि उतारावर पाऊल पुढे सरकत नाही. आणि अंगठ्याच्या सांध्यावर दाब येत असेल तर त्याच्या वरच्या एका जोडभोकात नाडी तिरकी न ओवता सरळ वर न्यावी, म्हणजे तेवढी जागा मोकळी राहते.

कर्नाळ्याचे म्हणाल तर अभयारण्याच्या प्रवेशद्वारापासून वाट झाडीतून चढते. मुळे आणि दगड बरेच आहेत, पण सावली आहे. झाडी संपून वाट उघड्या धारेवर येते, तिथून पुढे सुळक्याकडे चढ तीव्र होतो आणि सुटे दगड वाढतात. पहिल्या खेपेला धारेपर्यंत जावे, तिथे पाणी प्यावे आणि गुडघा काय म्हणतो ते पाहून ठरवावे. सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात, म्हणून वर गेलात तरी अत्तर लावून किंवा धूर करून जाऊ नये. उतरायला चढण्याइतकाच वेळ हाताशी ठेवा. तरुण मुले अर्ध्या वेळात उतरतात, आपण तसे करू नये.


उपवनकाठ (ठाणे)

बूट घेऊन आज तीन आठवडे झाले, म्हणून कळवते आहे. पहिले चार दिवस घरातच घातले, नंतर तलावाभोवती, आणि आठव्या दिवशी येऊर. अंगठ्याची कळ जवळजवळ थांबली आहे. केवळ तीव्र चढावर, चवड्यावर जोर देताना, ती थोडी जाणवते. गुडघ्यातला फरक तितका मोठा नाही. शेवटच्या वळणांवर तो अजूनही बोलतो, परंतु काठ्या घेतल्या त्या दिवशी बोलला नाही आणि काठ्या विसरले त्या दिवशी पुन्हा बोलला. त्यामुळे गुडघ्यापुरते श्रेय बुटाला द्यावे की काठ्यांना, हे मला सांगता येत नाही. एका पायावर उभे राहण्याचा सराव डाव्या पायावर तीस सेकंदांपर्यंत पोहोचला आहे, उजव्यावर अजून बाराच.

खरेदीची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवली आहे आणि माळ्यावर ठेवायचे नाहीत असे ठरवले आहे. कर्नाळ्याचे डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी नक्की केले. तलावपाळी आणि मी धारेवरून मागे फिरणार आहोत, बाकीच्या तिघी वर जातील.